निरोध ते नॅपकिन : बेचाळीस वर्षांचे अंतर (धागा)

१९६८ साली भारत सरकारने 'निरोध' बाजारात आणला. तीन नगांच्या पाकिटाची किंमत १५ पैसे. ते खेडोपाडी पोहोचवण्यासाठी सरकारने नवे खाते उघडले नाही. चहा, साबण, तंबाखू आणि बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हाताशी धरले. ब्रुक बाँड, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड ही त्यांतली काही नावे. ज्या दुकानात चहाची पुडी जात होती, त्या दुकानात निरोधही जाऊ लागला.

२०१० साली केंद्र सरकारने ग्रामीण किशोरवयीन मुलींना सॅनिटरी नॅपकिन पुरवण्याची पहिली मोठी योजना जाहीर केली. मध्ये बेचाळीस वर्षे गेली.

खेड्यात वस्तू पोहोचत नाही, लोक लाजतात, पैसा नाही, ही कारणे नेहमी पुढे केली जातात. निरोधच्या उदाहरणापुढे त्यांतले एकही टिकत नाही. निरोध ही काही कमी लाजेची वस्तू नव्हती. तरीही ती पानाच्या टपरीपर्यंत गेली, कारण राज्यसंस्थेला ती हवी होती. मग शाळकरी मुलीच्या पाळीचे कापड राज्यसंस्थेच्या यादीत इतक्या उशिरा का आले, आणि आले तेव्हा कोणत्या अटींवर आले, हा या धाग्याचा विषय आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. मुलीची पहिली पाळी हा आपल्याकडे सार्वजनिक वादाचा विषय कधीच नव्हता, असा एक समज आहे. तो खरा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत आणि सभांमध्ये महिनोन्‌महिने याच विषयावर रण माजले होते. न्हाण येताच गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे आणि कायदा त्यात आडवा येतो, हा सनातनी पक्षाचा मुद्दा. परकीय सरकारने आमच्या सामाजिक बाबतीत हात घालू नये, हा टिळक पक्षाचा आक्षेप. सुधारकांची बाजू निराळी. वकील बोलले, डॉक्टर बोलले, शास्त्री बोलले. जिचे न्हाण हा वादाचा विषय होता, ती दहा-बारा वर्षांची मुलगी मात्र या साऱ्या कोलाहलात कुठे ऐकू येत नाही.

भाषेतही याची खूण उरली आहे. पाळी सुरू झाली की मुलगी 'शहाणी' झाली, 'न्हातीधुती' झाली, असे म्हणत. आणि मुलगी शहाणी झाली की तिची शाळा सुटे. शहाणपणाचा आणि शाळेचा असा उलटा संबंध लावणारी शब्दयोजना क्वचितच सापडेल.

पाळीसाठी वापरायचे ते कापड घरातलेच असे. आईच्या वा आजीच्या विरलेल्या लुगड्याचे जुनेर, त्याच्या घड्या. सुती, मऊ आणि पुन्हापुन्हा धुता येणारे जुनेर वस्तू म्हणून वाईट नव्हतेच. अडचण त्याच्या धुण्या-वाळवण्यात होती. ते कुणाच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली, गोठ्यात, माळ्यावर, जिथे ऊन-वारा लागत नाही अशा जागी वाळत पडे. ओलसर राहिलेले कापड पुन्हा वापरले की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग आलाच. कापड अस्वच्छ होत होते ते लपवण्यामुळे. हा मुद्दा पुढच्या सगळ्या योजनांच्या वेळी आठवावा लागेल, कारण त्या आखणाऱ्यांनी दोष कापडाच्या माथी मारला आणि लपवण्याला फारसा हात लावला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारला स्त्रीच्या मासिक चक्रात रस नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. रस होता, आणि फार लवकर होता. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल नैसर्गिक पद्धतीकडे होता. त्यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने अब्राहम स्टोन या अमेरिकी डॉक्टरांना भारतात पाठवले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातले रामनगरम् अशा दोन ठिकाणी 'सुरक्षित काळा'च्या पद्धतीचा प्रयोग झाला. अक्षरओळख नसलेल्या बायकांना दिवस मोजता यावेत म्हणून त्यांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा; मण्याच्या रंगावरून तो दिवस सुरक्षित की नाही, ते कळायचे. प्रयोग फसला. माळा विसरल्या गेल्या, मणी चुकीचे सरकले.

या माळेवर थोडे थांबायला हवे. पाळी कोणत्या दिवशी आली, किती दिवसांनी आली, पुढची कधी येईल, हे सगळे सरकारी प्रयोगाने बारकाईने मोजले. त्या दिवसांत ती बाई काय वापरते, ते कुठे धुते, कुठे वाळवते, याची नोंद घेण्याचे त्या प्रयोगात काही प्रयोजनच नव्हते. चक्राचे गणित हवे होते ते जन्मदरासाठी.

पुढची दोन दशके हेच गणित अधिक कठोर होत गेले. १९६५ मध्ये तांबीचा पूर्वज असलेला लूप आला, मग लाल त्रिकोण, लक्ष्यांक, शस्त्रक्रियेची शिबिरे. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे विधिमंडळ महाराष्ट्राचेच होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, हे राज्याचे भाग्य. या संपूर्ण कालखंडात सरकारी आरोग्यसेविका खेड्यातल्या घरात शिरत होती, पण ती विवाहित, प्रजननक्षम स्त्रीसाठी. अविवाहित शाळकरी मुलगी तिच्या नोंदवहीत कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

दरम्यान बाजार आपल्या वाटेने चालला होता. तयार सॅनिटरी नॅपकिनची गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सांगतात. जखमांवर बांधण्यासाठी बनवलेली लाकडाच्या लगद्याची शोषक घडी लष्करी परिचारिकांनी पाळीसाठी वापरली आणि युद्धानंतर उरलेल्या मालातून अमेरिकेत 'कोटेक्स' जन्माला आले. भारतात ही वस्तू प्रदीर्घ काळ शहरी आणि वरच्या वर्गाची राहिली. १९८९ मध्ये 'व्हिस्पर' आले, दूरचित्रवाणीवर निळ्या पाण्याच्या जाहिराती आल्या. दुकानदार ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून देऊ लागला. ती काळी पिशवी आजही चालू आहे. घरातल्या जुनेराचे लपवणे बाजाराने असे जसेच्या तसे उचलले.

मग २०१० पर्यंत काय बदलले? दोन गोष्टी. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने लोकसंख्या-नियंत्रणाची भाषा मागे सारून प्रजनन-आरोग्याची भाषा पुढे आणली, आणि 'किशोरवयीन मुलगी' हा धोरणाचा स्वतंत्र विषय झाला. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशाताई नेमल्या गेल्या. मुलीच्या घरापर्यंत जाणारी, त्याच गावची, बाई असलेली व्यक्ती सरकारला मिळाली.

२०१० ची केंद्रीय योजना याच आशाताईंच्या पायांवर उभी होती. सुमारे १५० जिल्हे, १० ते १९ वयाच्या दीड कोटी ग्रामीण मुली आणि १५० कोटी रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या मुलीला सहा नॅपकिनचे पाकीट एका रुपयाला, इतरांना पाच रुपयांना, असे आधी ठरले. प्रत्यक्षात सरसकट सहा रुपये झाले. पाकिटावर नाव होते 'फ्रीडेज'. आशाताईने ते दारोदार विकायचे. तिला प्रत्येक पाकिटामागे एक रुपया आणि महिन्याला स्वतःसाठी एक पाकीट मोफत. २०१४ पासून खरेदीची जबाबदारी राज्यांवर सोपवली गेली, आणि मग पुरवठा अनेक ठिकाणी निविदांच्या तालावर चालू-बंद होऊ लागला.

निरोध बनवण्यासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी हिंदुस्थान लेटेक्स पुढे सॅनिटरी नॅपकिनही बनवू लागली. तिचा एक कारखाना निपाणीजवळ, बेळगाव जिल्ह्यातल्या कणगले येथे आहे. तीच कंपनी, तेच सरकार. उशीर तंत्रज्ञानाने केला नव्हता, हे सांगायला याहून वेगळा पुरावा शोधायला नको.

या योजनेच्या आगेमागेच एका आकड्याने जन्म घेतला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो साधन-चिकित्सेच्या तासाला अभ्यासावा, इतके त्याचे महत्त्व आहे. २०१० मध्ये एसी नील्सन आणि प्लॅन इंडिया यांचे एक सर्वेक्षण झाले. भारतात फक्त १२ टक्के स्त्रिया सॅनिटरी नॅपकिन वापरतात, पाळीच्या सोयीअभावी मुली महिन्याला ५ दिवस, म्हणजे वर्षाला ५० दिवस शाळा बुडवतात आणि २३ टक्के मुली पाळी सुरू झाल्यावर शाळाच सोडतात, असे त्याचे निष्कर्ष म्हणून प्रसिद्ध झाले. नमुना होता १,०३३ स्त्रिया आणि १५१ स्त्रीरोगतज्ज्ञ. एवढ्या विशाल देशासाठी एवढाच.

हे आकडे पुढे दहा वर्षे सर्वत्र फिरत राहिले. वर्तमानपत्रांत, कंपन्यांच्या सादरीकरणांत, संस्थांच्या अहवालांत, नेत्यांच्या भाषणांत. मूळ नमुना किती, हे क्वचितच कुणी सांगितले. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातील स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण ५७.६ टक्के निघाले आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७७.३ टक्के. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या आणि वयोगट निराळे आहेत, हे मान्य. तरी १२ आणि ५७ यांच्यामधली दरी केवळ व्याख्येने भरून निघत नाही. याच पाचव्या फेरीत निम्म्या मुली-स्त्रिया कापडही वापरत असल्याचे दिसते, म्हणजे अनेकींच्या घरी दोन्ही आहे. पाकीट असते तेव्हा पाकीट, नसते तेव्हा जुनेर.

आता शाळा बुडण्याचा प्रश्न. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्न्टन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळच्या चितवन भागात १९८ शाळकरी मुलींचा अभ्यास केला. काहींना मासिक पाळीचे कप दिले, काहींना नाही, आणि हजेरी तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे सरासरी अर्धा दिवसही बुडत नाही. आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींनी कप वापरले मात्र आनंदाने, कारण कपडे धुण्याचा त्रास वाचला. एका जिल्ह्यातल्या निष्कर्षावरून सबंध उपखंडाचा निवाडा करता येत नाही. भारतातील १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चौथा हिस्सा मुलींनी पाळीच्या काळात शाळा बुडत असल्याचे सांगितले. खरे चित्र या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी असावे, आणि ते गावागणिक बदलत असावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. वर्षाला ५० दिवस बुडतात म्हणून नॅपकिन द्या, हा युक्तिवाद धोकादायक आहे. उद्या कुणी दाखवून दिले की दिवस बुडत नाहीत, तर मग नॅपकिन देऊ नयेत काय? ओल्या कापडावर सहा तास बाकावर बसलेली मुलगी हजेरीपटावर उपस्थितच असते. तिचे लक्ष फळ्यावर आहे की आपल्या स्कर्टवर, हे हजेरीपट सांगत नाही. राज्यसंस्थेने आधी पाळीकडे जन्मदराच्या निमित्ताने पाहिले, मग जंतुसंसर्गाच्या, मग हजेरीच्या. मुलीला स्वतःला त्या पाच दिवसांत स्वस्थ बसता यावे, एवढे कारण पुरेसे आहे, असे सरकारी कागदावर यायला फार वेळ लागला. त्याच १३८ अभ्यासांतून आणखी एक गोष्ट दिसली होती. पहिली पाळी येण्यापूर्वी तिच्याविषयी काही माहीत असलेल्या मुली जेमतेम निम्म्या होत्या. उरलेल्यांनी रक्त पाहिले तेव्हा त्यांना वाटलेली भीती कुठल्या योजनेच्या खर्चपत्रकात बसवणार?

राज्यांनी आपापल्या वाटा काढल्या. तमिळनाडूने २०११ मध्ये 'पुदु युगम' जाहीर करून ग्रामीण किशोरींना मोफत नॅपकिन देण्याचे ठरवले. किंमत न लावण्याचा हा निर्णय महत्त्वाचा होता; खिशात सहा रुपये असणे आणि ते वडिलांकडे मागता येणे, या खेड्यातल्या मुलीसाठी दोन निराळ्या गोष्टी असतात. त्याच राज्यातल्या कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी स्वस्त नॅपकिन बनवणारे छोटे यंत्र तयार केले आणि ते बचत गटांना दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केरळ, ओडिशा, आंध्र, राजस्थान यांच्याही योजना आल्या.

बिहारने वस्तूऐवजी पैसे दिले : शाळकरी मुलीला वर्षाला आधी १५० आणि नंतर ३०० रुपये. महिन्याला २५ रुपये पडतात. २०२२ च्या सप्टेंबरात पाटण्यात मुलींच्या सक्षमीकरणाच्या एका कार्यशाळेत एका विद्यार्थिनीने विचारले, सरकार इतके काही देते, तर वीस-तीस रुपयांचे पॅड देऊ शकत नाही का? व्यासपीठावरील वरिष्ठ अधिकारी उपरोधाने म्हणाल्या, की आज पॅड मागता, उद्या जीन्स मागाल, मग बूट, आणि शेवटी निरोधही फुकट मागाल. देशभर टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या उत्तरातली खरी गंमत टीकाकारांच्याही लक्षात फारशी आली नाही. निरोध सरकार दशकानुदशके फुकट वाटतच आले आहे. कुणी मागितलाही नव्हता.

महाराष्ट्राची 'अस्मिता' योजना ८ मार्च २०१८ रोजी, पंकजा मुंडे ग्रामविकास मंत्री असताना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांमधील ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत. गावातल्या इतर स्त्रियांना आकारानुसार २४ आणि २९ रुपयांत. विक्री 'उमेद'च्या महिला बचत गटांकडे. मुलींसाठी अस्मिता कार्ड आणि गटांनी मागणी नोंदवण्यासाठी मोबाइल अ‍ॅप, अशी रचना. कागदावर ती सुबक होती. मुलीला स्वस्त वस्तू, गटातल्या बाईला चार पैसे, आणि दुकानातल्या पुरुषाशी बोलण्याची वेळच नाही.

पण या रचनेत गटाच्या बाईकडून भांडवलाची अपेक्षा होती. तिने आधी माल घ्यायचा, मग विकायचा आणि मुलींच्या पाकिटांवरच्या अनुदानाची वाट पाहायची. ज्या गटाची महिन्याची बचतच शंभर रुपयांच्या हिशेबात चालते, त्याला अनुदानाची वाट पाहणे परवडत नाही. मे २०२२ मध्ये ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुली-स्त्रियांना एक रुपयात दहा नॅपकिन देण्याची घोषणा केली, त्यासाठी १५ ऑगस्टचा मुहूर्तही सांगितला. जूनअखेर राज्यात सत्तांतर झाले आणि मुहूर्त सांगणारे मंत्रिमंडळच राहिले नाही.

करांची कथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा नॅपकिनवर १२ टक्के कर लागला. कुंकू, टिकली आणि बांगड्या करमुक्त होत्या. सौभाग्याची चिन्हे ही गरज आणि पाळीचे साधन ही चैन, असा त्याचा अर्थ निघत होता, अभिप्रेत असो वा नसो. आंदोलने झाली, न्यायालयात याचिका गेल्या, आणि जुलै २०१८ मध्ये कर शून्यावर आला. जनऔषधी केंद्रांतील नॅपकिन ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला झाला. केंद्र तालुक्याच्या गावी असेल, तर एका रुपयाच्या वस्तूसाठी एसटीचे भाडे किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शाळेवर आधारलेल्या साऱ्या पुरवठ्याची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. टाळेबंदीत शाळा एका रात्रीत बंद झाल्या आणि शाळेतून मिळणारी पाकिटेही. जीवनावश्यक वस्तूंच्या पहिल्या यादीत नॅपकिनचा स्पष्ट उल्लेख नव्हता. २९ मार्चला केंद्रीय गृह सचिवांनी खुलासा करून तो केला. चार-पाच दिवसांचाच फरक. पाळीही चार-पाच दिवसांचीच असते.

पाकीट मिळाले, पुढे काय? ते बदलायला जागा लागते, पाणी लागते आणि टाकायला ठिकाण लागते. २०१४-१५ च्या 'स्वच्छ विद्यालय' मोहिमेत वर्षभरात ४.१७ लाख शालेय शौचालये बांधल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या शौचालयांची नमुना-तपासणी महालेखापरीक्षकांनी केली. २०२० मध्ये संसदेत आलेल्या त्या अहवालानुसार ७२ टक्के शौचालयांत वाहते पाणी नव्हते. शौचालय बांधणे हे छायाचित्राचे काम आहे. नळाला पाणी ठेवणे हे रोजचे काम आहे, त्याचे उद्घाटन होत नाही.

टाकण्याच्या प्रश्नावर सर्वांत थेट उत्तर पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी दिले. 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सदस्या रोज हाताने कचरा वेगळा करतात. वापरलेले, उघडे टाकलेले नॅपकिन त्यांच्या हाती येतात. २०१३ मध्ये त्यांनी असे नॅपकिन गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून दिले. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. २०१६ च्या घनकचरा नियमांत टाकण्यासाठी पिशवी वा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली, त्यामागे हा रेटा होता. शहरात निदान घंटागाडी येते. गावात प्लास्टिकचा थर असलेला हा नॅपकिन ओढ्यात, उकिरड्यात किंवा चुलीत जातो. जुनेर फाटेपर्यंत वापरले जाई आणि मातीत मिसळून जाई. योजनांनी त्याला अस्वच्छ ठरवून बाद करताना हा हिशेब मांडला नाही. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने स्वच्छ सुती कापडाच्या घड्या वाटण्याचे जे काम उभे केले, त्याला म्हणूनच महत्त्व आहे.

आणि काही मुलींपर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही, कारण त्या शाळेत राहतच नाहीत. बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर मुलीही जातात. फडावर ना मोरी ना आडोसा. एक दिवस खाडा झाला तर कोयत्याची मजुरी कापली जाते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाजगी दवाखान्यांची कमाई, अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीला कर्करोगाची घातलेली भीती, कमी वयातली लग्ने, सगळे त्यामागे आहे. पाळीच नको, म्हणजे खाडा नको, हा विचारही आहे. पाळीच्या साधनांचा प्रश्न या टोकाला गर्भाशय काढून सोडवला गेला. आईच्या शेजारी मोळ्या बांधणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी हे सगळे पाहत असते.

गडचिरोलीच्या माडिया गोंड गावांमधील कुर्माघराचा प्रश्न याहून निराळा आहे आणि तो एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही. पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपडीत राहणाऱ्या मुलीला नॅपकिनआधी दार, दिवा आणि सापापासून सुरक्षित जमीन लागते, एवढेच येथे नोंदवून ठेवू.

२०२२ मध्ये जया ठाकूर यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत नॅपकिन आणि प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, ही तिच्यातली मागणी. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राला राज्यांशी सल्लामसलत करून देशभर एकसमान धोरण आखण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, शाळकरी मुलींसाठी असे धोरण मंजूर झाल्याचे केंद्राने न्यायालयाला कळवले.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका खाजगी शाळेत शौचालयात रक्ताचे डाग आढळले. मुलींना सभागृहात बोलावून पडद्यावर त्या डागांची छायाचित्रे दाखवण्यात आली, कोणाची पाळी चालू आहे असे विचारण्यात आले, आणि काहींची कपडे उतरवून तपासणी केल्याची तक्रार पालकांनी केली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या दिवशी सभागृहात बोलावलेल्या मुली पाचवी ते दहावीच्या वर्गांतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयातली मागणी सहावीपासूनची होती.